मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर आणि वेळ यांचा हिशोब हाताने कसा करायचा?

आडवाटेचा_प्रवासी (धागाकर्ता)

मुंबई ते न्यूयॉर्क (जेएफके) हे अंतर आंतरजालावर शोधलं की एका ठिकाणी १२,५३२ किमी दिसतं, दुसरीकडे ७,७८७ मैल, तिसरीकडे ६,७६७ मैल. थेट विमानाला जाताना सोळा तास लागतात, येताना साडेचौदा. तिकिटावरची घड्याळं बघावीत तर हिवाळ्यात रात्री १:३० ला मुंबई सोडलेलं विमान त्याच तारखेला सकाळी ७:०० ला पोचतं, म्हणजे साडेपाच तास! परतीला दुपारी १२ ला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी १ ला मुंबई, म्हणजे पंचवीस तास.

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. अंतर कसं काढतात? त्यावरून वेळ कसा काढतात? आणि अंतर तेच असताना जाण्यायेण्यात दीड तासाचा फरक का? शाळेतलं त्रिकोणमितीचं पुस्तक अजून माळ्यावर आहे, तेव्हा आकडेमोड चालेल. "ॲपमध्ये बघा" हे उत्तर कृपया नको.

सदाशिवपेठी

ॲपमध्ये बघा.

शेवंती

रुमाल टाकून ठेवते. जाणकारांच्या प्रतीक्षेत.

गोलार्ध

अंतरापासून सुरुवात करू. पृथ्वी गोल धरली की दोन ठिकाणांमधला सगळ्यात जवळचा मार्ग म्हणजे त्या दोन बिंदूंतून जाणाऱ्या महावर्तुळाचा (ज्याचं केंद्र पृथ्वीच्या केंद्रातच असतं अशा वर्तुळाचा) तुकडा. त्यासाठी चार आकडे लागतात.

मुंबई : अक्षांश १९.०९ उत्तर, रेखांश ७२.८७ पूर्व
जेएफके : अक्षांश ४०.६४ उत्तर, रेखांश ७३.७८ पश्चिम

उत्तर आणि पूर्व धन, दक्षिण आणि पश्चिम ऋण. म्हणून जेएफकेचा रेखांश −७३.७८.

सूत्र : कोसाइन(कोन) = साइन(अक्षांश १) × साइन(अक्षांश २) + कोसाइन(अक्षांश १) × कोसाइन(अक्षांश २) × कोसाइन(रेखांशांतला फरक)

रेखांशांतला फरक ७२.८७ − (−७३.७८) = १४६.६५ अंश. त्याची कोसाइन −०.८३५३.
पहिला गुणाकार : ०.३२७१ × ०.६५१३ = ०.२१३०
दुसरा : ०.९४५० × ०.७५८८ × (−०.८३५३) = −०.५९९०
बेरीज : −०.३८६०

ज्याची कोसाइन −०.३८६० आहे तो कोन ११२.७१ अंश. पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किमी धरली तर परीघ ४०,०३० किमी, आणि एका अंशाला १११.१९५ किमी. गुणाकार करा, १२,५३२ किमी.

बेरीज ऋण आली म्हणून घाबरू नका. कोन ९० अंशांपेक्षा मोठा, म्हणजे अंतर पृथ्वीच्या पाव परिघापेक्षा जास्त, एवढाच त्याचा अर्थ.

एक्सेलवाला

गोलार्ध यांच्या सूत्रात काही खोट नाही, पण शीटमध्ये टाकताना तीन ठिकाणी हमखास माती होते.

एक, शीटमधली साइन-कोसाइन फंक्शन्स अंशांत नाही, रेडियनमध्ये (कोन मोजायचं दुसरं एकक) चालतात. प्रत्येक कोनाला आधी रेडियन्स फंक्शन लावा आणि शेवटी येणारा कोनही रेडियनमध्येच असतो, त्याला थेट ६,३७१ ने गुणा. १११.१९५ ने गुणायचं तर आधी अंशात बदला. दोन्ही केलंत किंवा एकही नाही केलंत तर अंतर चंद्रापर्यंत नाहीतर अंधेरीपर्यंत.

दोन, अंश-मिनिटं आणि दशांश यांची सरमिसळ. मुंबईचा रेखांश ७२ अंश ५२ मिनिटं, तो ७२.५२ असा भरायचा नाही. ५२ भागिले ६० म्हणजे ०.८७. चुकलात तर विमानतळ सदतीस किलोमीटर पश्चिमेला सरकून समुद्रात जातो. उत्तर "बरोबरसारखं" दिसतं, म्हणून ही चूक लवकर सापडत नाही.

तीन, पश्चिमेचं ऋण चिन्ह. ते विसरलं तर अंतर २,४०० किमी येतं आणि न्यूयॉर्क किर्गिझस्तानात, ओश शहराच्या थोडं पूर्वेला जाऊन बसतं.

सदाशिवपेठी

ओशला भाडी स्वस्त असतील.

खडूस_मास्तर

पृथ्वी गोल नाही. विषुववृत्तावर त्रिज्या ६,३७८ किमी, ध्रुवाकडे ६,३५७. सरासरी त्रिज्या वापरून मिळालेलं उत्तर अर्ध्या टक्क्यापर्यंत चुकू शकतं. नेमकं हवं असेल तर लंबगोल धरून व्हिन्सेंटीची १९७५ ची पद्धत वापरावी. पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध टोकांना असलेल्या बिंदूंसाठी ती अडखळते, तिथे कार्नी यांची २०१३ ची पद्धत चालते.

चॉक्स_काढा

मास्तर, सहमत. पण अर्धा टक्का म्हणजे इथे साठेक किलोमीटर, म्हणजे चार मिनिटं. मुंबईत धावपट्टीकडे जाताना रांगेत त्याहून जास्त वेळ जातो. जमीन मोजायची असती तर गोष्ट वेगळी.

खडूस_मास्तर

अर्धा टक्का म्हणजे अर्धा टक्का.

न्यूजर्सीकर

मैलांचा गोंधळ राहिलाच. ७,७८७ हे रस्त्यावरचे मैल (१.६०९ किमी). ६,७६७ हे सागरी मैल (१.८५२ किमी). वैमानिक आणि नियोजनवाले सागरी मैल वापरतात, विमानाचा वेग नॉटमध्ये म्हणजे तासाला सागरी मैल. वारंवार प्रवासाचे पॉइंट देणाऱ्या योजनांमध्ये मात्र मैल म्हटलं की बहुधा साधे मैल. ४९० नॉटने ७,७८७ ला भागलंत तर दोन तास फुकट वाढतात.

शेवंती

एक शंका. विमानातल्या पडद्यावर मार्ग मोठ्ठी कमान करून वर उत्तरेला जाताना दिसतो. मुंबईहून सरळ पश्चिमेला अरबस्तान, आफ्रिकेचं वरचं टोक, अटलांटिक असं का जात नाहीत? नकाशात तर तेच सरळ दिसतं.

होकायंत्र

शेवंतीताई, तो नकाशाचा दोष. मर्केटर नकाशावर पट्टीने जी सरळ रेघ मारता येते ती म्हणजे होकायंत्राची दिशा न बदलता जायचा मार्ग. मुंबईहून साधारण २८० अंश दिशा (उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे मोजून) धरून चालत राहिलं तर न्यूयॉर्क येतं खरं, पण १४,२०० किमी चालून. महावर्तुळापेक्षा जवळजवळ १,६७० किमी जास्त, म्हणजे दोन तासांना थोडं कमी.

महावर्तुळाने निघताना दिशा ३३३ अंश, म्हणजे बरीचशी उत्तरेला आणि थोडी पश्चिमेला. मग दिशा हळूहळू डावीकडे वळत जाते. या मार्गाचा सगळ्यात वरचा बिंदू ६४.७ उत्तर अक्षांशावर, आइसलंडच्या पूर्वेला समुद्रात येतो. तिथून पुढे मार्ग खाली उतरतो. सर्वोच्च अक्षांश काढायला एकच ओळ पुरते : त्याची कोसाइन = साइन(सुरुवातीची दिशा) × कोसाइन(निघायच्या ठिकाणचा अक्षांश), चिन्ह सोडून.

आकडेमोड नको असेल तर घरातला शाळेचा पृथ्वीगोल घ्या आणि मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत शिवणाचा दोरा ताणून धरा. दोरा ढिला असेल तर तो कुठूनही जाईल, ताणला की आपोआप वर सरकतो. गोल ३० सेंमी व्यासाचा असेल तर एक सेंटिमीटर म्हणजे ४२५ किमी. दोरा साडेएकोणतीस सेंमी भरला पाहिजे.

शेवंती

दोरा ताणून पाहिला. खरंच वर सरकतो! भारी. मुलांना दाखवते.

मोपा_की_दाबोळी

अवांतर : गोव्याला आता दोन विमानतळ आहेत, तेव्हा हिशोबाला बसण्याआधी कोड नीट बघा. जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. अंतराच्या गणिताला फरक पडत नाही, टॅक्सीच्या बिलाला पडतो.

न्यूजर्सीकर

तीच गत आता मुंबईची. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहून विमानं सुटतात. दोन धावपट्ट्यांमध्ये हवाई अंतर जेमतेम चोवीस-पंचवीस किमी. न्यूयॉर्कच्या हिशोबात ते दिसणारही नाही, पण बोरिवलीकरांच्या हिशोबात दिसेल.

पश्चिमवारा

दीड तासाच्या फरकाचं कारण सोपं आहे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. अमेरिकेला जाताना... थांबा, मग तर न्यूयॉर्कच आपल्याकडे येतंय आणि जाताना कमी वेळ लागायला हवा. म्हणजे हे कारण नाही. कोणीतरी हे लिहिणारच होतं, म्हणून आधीच निकालात काढतो. :)

मुंबईच्या अक्षांशावर जमीन ताशी १,५८० किमी वेगाने पूर्वेला जाते. विमान जर ह्या फिरण्यातून सुटलेलं असतं तर उडालेलं हेलिकॉप्टर नुसतं जागेवर थांबून तासाभरात ओमानच्या आसपास पोचलं असतं. हवा पृथ्वीबरोबर फिरते आणि विमान हवेत उडतं, त्यामुळे फिरण्याचा थेट परिणाम शून्य.

आडून मात्र परिणाम आहे. विषुववृत्ताकडची हवा वर चढून ध्रुवाकडे सरकते तेव्हा पृथ्वीच्या फिरण्यामुळे ती पूर्वेकडे वळते. त्यातून ९ ते १२ किमी उंचीवर, मध्य अक्षांशांत, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जेट प्रवाह तयार होतात. मोठी विमानं नेमकी त्याच उंचीवर असतात. फेब्रुवारी २०२० मध्ये किआरा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं. जमिनीच्या हिशोबाने वेग ताशी १,३०० किमीच्या वर गेला होता, पण भोवतालच्या हवेच्या तुलनेत विमान नेहमीच्याच वेगाने उडत होतं. त्यामुळे ध्वनीची मर्यादा ओलांडली वगैरे काही नाही.

एक्सेलवाला

येताना मिळतो तो फायदा जाताना जातो, म्हणजे गोळाबेरीज शून्य ना?

पश्चिमवारा

नाही, वारा दोन्ही मिळून तोटाच करतो. ६,००० किमी, विमानाचा वेग ९००, वारा १००. जाताना ६,००० ÷ ८०० = साडेसात तास. येताना ६,००० ÷ १,००० = सहा तास. एकूण साडेतेरा. वारा नसता तर १३ तास २० मिनिटं. कारण उघड आहे, समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकतं, पाठीवरच्या वाऱ्यात कमी.

अगदी बाजूने आलेला वाराही थोडं खातो. नाक वाऱ्याकडे तिरकं ठेवावं लागतं. ९०० च्या विमानाला १०० चा आडवा वारा असेल तर पुढे जायचा वेग ९००² − १००² चं वर्गमूळ, म्हणजे ८९४. हे सोडून दिलं तरी चालेल.

चॉक्स_काढा

आता वेळेकडे येऊ. तिकिटावर असतो तो ब्लॉक टाइम : चाकांपुढचे चॉक्स (अडसर) काढून विमान गेटवरून हललं तिथपासून ते दुसऱ्या गेटवर थांबून पुन्हा चॉक्स लागेपर्यंत. हवेतला वेळ त्याहून कमी असतो. दोन्हींची गल्लत झाली की चर्चा भरकटते.

वेग : ७७७, ७८७, ए-३५० ही लांब पल्ल्याची विमानं साधारण माख ०.८५ ने जातात. ११ किमी उंचीवर प्रमाण तापमान उणे ५६.५ अंश, तिथे ध्वनीचा वेग ताशी १,०६२ किमी. त्याच्या ०.८५ पट म्हणजे ९०३. ए-३२० सारखं छोटं विमान माख ०.७८ ने, म्हणजे ८२८ च्या आसपास.

अंतर : महावर्तुळाच्या अंतरावर प्रत्यक्ष मार्गासाठी काही टक्के चढवा. निघताना-उतरताना ठरलेल्या वाटा, बंद हवाई हद्दी, वादळं, वारा टाळण्यासाठी वळसे. युरोपपर्यंत २–३ टक्के पुरतात. मुंबई–न्यूयॉर्कला सध्या ४ धरा, म्हणजे १३,०३० किमी.

जमिनीवरचा आणि चढ-उताराचा वेळ : निघताना टॅक्सी (विमानाचं गेटपासून धावपट्टीपर्यंत जमिनीवरून जाणं) २० मिनिटं, चढताना आणि उतरताना वेग कमी असल्याने १५, उतरल्यावर गेटपर्यंत १०. एकूण ४५.

वारा : या मार्गावर वर्षाची सरासरी म्हणून ताशी ५० किमी धरून बघा.

जाताना १३,०३० ÷ ८५० = १५ तास २० मिनिटं, अधिक ४५ = १६:०५
येताना १३,०३० ÷ ९५० = १३ तास ४३ मिनिटं, अधिक ४५ = १४:२८

धागाकर्त्याचे सोळा आणि साडेचौदा इथून येतात.

सदाशिवपेठी

दंडवत. पण ५० चा वारा उत्तर जुळवण्यासाठी घेतलात, हे लक्षात आलं आहे.

चॉक्स_काढा

घेतलाच आहे. :) हवामानाचा नकाशा न बघता कोणीही याहून वेगळं करत नाही. खरं नियोजन करणारे मार्गाचे तुकडे पाडतात, प्रत्येक तुकड्याचा त्या उंचीवरचा अंदाजित वारा घेतात आणि वेळांची बेरीज करतात. लक्षात ठेवायची गोष्ट अशी की वेगांची सरासरी काढायची नाही, वेळांची बेरीज करायची.

होकायंत्र

चॉक्स यांच्या चार टक्क्यांचा हिशोब करता येतो. मुंबईहून ३३३ अंशांवर निघालं की काठियावाडनंतर सिंध लागतं. २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानची हवाई हद्द भारतीय विमानांना बंद आहे (त्याआधी २०१९ मध्ये २७ फेब्रुवारी ते १६ जुलै बंद होती). मग मधे एक बिंदू ठेवा, म्हणजे दोन महावर्तुळं आणि त्यांची बेरीज.

मुंबई–मस्कत १,५९० + मस्कत–जेएफके ११,३२५ = १२,९१५ किमी. थेटपेक्षा ३८३ किमी जास्त, पंचवीस-सव्वीस मिनिटं. खरा मार्ग अगदी मस्कतवरून जाईलच असं नाही, पण बंदीची किंमत मोजायला एवढं पुरतं.

मुंबईचं थोडक्यात भागतं, दिल्लीचं नाही. दिल्लीहून निघालेल्या विमानाला आधी दक्षिणेला गुजरात-अरबी समुद्राकडे उतरावं लागतं. २०२५ मध्ये अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना इंधनासाठी व्हिएन्नाला थांबावं लागलं ते त्यामुळेच.

हेच रशियाचं. २०२२ पासून युरोप-अमेरिकेच्या कंपन्यांना रशियावरून जाता येत नाही, भारतीय कंपन्यांना येतं. हेलसिंकी–टोकियो साडेनऊ तासांवरून तेराच्या आसपास गेलं. म्हणून एकाच दोन शहरांमध्ये दोन कंपन्यांचे वेळ वेगळे दिसले तर आधी हद्दी बघा, मग विमान.

गोलार्ध

जवळचा मार्ग लवकरचाच असतो असंही नाही. दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को महावर्तुळाने १२,३८० किमी, पण ते ध्रुवाच्या बाजूने जातं. एअर इंडिया आधी अटलांटिकवरून साधारण १३,९०० किमी जायची. ऑक्टोबर २०१६ मध्ये पॅसिफिकवरून १५,३०० किमीचा मार्ग घेतला, तर विमान साडेचौदा तासांत पोचलं, आधीपेक्षा दोनेक तास लवकर. सगळा मार्ग पूर्वेकडे, वारा पाठीवर. चौदाशे किलोमीटर जास्त जाऊन इंधन कमी!

खडूस_मास्तर

ध्रुवावरून जायलाही अटी असतात. ७८ उत्तर अक्षांशाच्या वर ध्रुवीय नियम लागतात. इंधन गोठण्याची काळजी असते : अमेरिकेत मिळणाऱ्या जेट-ए ची मर्यादा उणे ४०, इतरत्रच्या जेट-ए-१ ची उणे ४७. इंधन गार होऊ लागलं तर वेग वाढवतात किंवा खाली, उबदार हवेत उतरतात. दोन्हींत खर्च वाढतो. आणीबाणीत उतरायला विमानतळही आधी ठरवून ठेवावे लागतात. हे सगळं दोऱ्यात दिसत नाही.

पश्चिमवारा

ऋतूबद्दल थोडं. हिवाळ्यात उपोष्ण जेट प्रवाह हिमालयाच्या दक्षिणेला, उत्तर भारतावर येतो. त्यामुळे जानेवारीत दिल्ली–गुवाहाटी जाताना आणि येताना चांगलाच फरक पडतो. पावसाळ्यात तो उत्तरेला सरकतो आणि द्वीपकल्पावर उलट दिशेचा, पूर्वेकडून येणारा जेट तयार होतो. हवामानशास्त्रज्ञ कोटेश्वरम यांनी १९५८ मध्ये त्यावर लिहिलं. तो जरा जास्त उंचीवर, १४–१६ किमीवर जोरात असतो, पण त्याची खालची बाजू विमानांना लागते. म्हणून "पश्चिमेला जाताना नेहमी जास्त वेळ" हा नियम जुलैतल्या चेन्नई–दुबईला डोळे झाकून लावू नका.

एक्सेलवाला

सोपा ठोकताळा हवा असेल तर : किमी ÷ ८०० अधिक अर्धा तास. मुंबई–न्यूयॉर्क १६:१०. जमलं की!

चॉक्स_काढा

पश्चिमेला जमलं. पूर्वेला हाच ठोकताळा पावणेदोन तास जास्त दाखवतो. तिकडे ९०० ने भागा. आणि छोट्या अंतरावर उलटी चूक होते. मुंबई–दिल्ली १,१४० किमी, ठोकताळ्याने १:५५. वेळापत्रकात सव्वादोन तासांच्या आसपास दिसेल. मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरात. रांग लागते, वर घिरट्या होतात. कंपन्या हे धरूनच वेळ छापतात, कारण पंधरा मिनिटांच्या आत पोचलं तर विमान "वेळेवर" मोजलं जातं. "वैमानिकाने वेळ भरून काढली" असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेकदा ती वेळापत्रकातच भरून ठेवलेली असते. जेएफकेला संध्याकाळी टॅक्सीतच पाऊण तास गेला तरी नवल नाही.

नेमका आकडा हवा तर फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअरवर त्या क्रमांकाच्या मागच्या काही दिवसांच्या फेऱ्या बघा. उड्डाण ते उतरणं एवढा वेळ काढा, मधला आकडा घ्या (सरासरी नको, एखादा वळवलेला दिवस ती बिघडवतो) आणि टॅक्सीचा अर्धा तास मिळवा.

सदाशिवपेठी

म्हणजे शेवटी ॲपमध्येच बघा. प्रतिसाद क्रमांक एक वाचावा.

शेवंती

:D :D

मधे थांबणाऱ्या विमानांचं काय? लंडनवरून किंवा दुबईवरून?

गोलार्ध

प्रत्येक टप्पा वेगळा काढून बेरीज. मुंबई–लंडन ७,२१३ + लंडन–जेएफके ५,५४० = १२,७५३. थेटपेक्षा फक्त २२१ किमी जास्त! दुबईवरून १,९२७ + ११,००२ = १२,९२९. अंतर जवळपास तेवढंच. वेळ जातो तो दुसऱ्यांदा टॅक्सी, चढणं-उतरणं (प्रत्येक टप्प्याला ते ४५ मिनिटं पुन्हा) आणि मधल्या थांब्यात.

न्यूजर्सीकर

आता घड्याळाचं कोडं. सगळं यूटीसीत (जगाच्या सामायिक प्रमाणवेळेत) आणा, तिथे बेरीज करा, मग स्थानिक वेळेत न्या. भारत यूटीसी अधिक ५:३०. न्यूयॉर्क हिवाळ्यात उणे ५, उन्हाळ्यात उणे ४.

१५ जानेवारी, मुंबई रात्री १:३० = १४ जानेवारी, यूटीसी २०:००. अधिक १६ तास = १५ जानेवारी, यूटीसी १२:००. उणे ५ = सकाळी ७:००, तारीख १५.

परत : १५ जानेवारी दुपारी १२ = यूटीसी १७:००. अधिक १४:३० = १६ तारीख, यूटीसी ७:३०. अधिक ५:३० = दुपारी १:००, तारीख १६.

कुठे चुकतं? अमेरिकेचं घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. युरोप मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतो. या मधल्या आठवड्यांत लंडन–न्यूयॉर्क फरक पाचऐवजी चार तास असतो. लंडनवरून जोडविमान असेल तर तेव्हाच घोळ होतो.

आणि सगळ्यात महागात पडणारी चूक गणितातली नाहीच. तिकिटावर १५ तारीख, १:३०. म्हणजे १४ च्या रात्री जेवून विमानतळावर जायचं आहे. १५ च्या रात्री गेलात तर विमान न्यूयॉर्कहून परतीला निघालेलं असेल.

शेवंती

बरोबर ज्येष्ठ माणूस असेल तर औषधांसाठीही हेच. डॉक्टरांना स्थानिक वेळा सांगू नका, घर सोडल्यापासून एकूण किती तास आणि मधे कुठे किती थांबा ते सांगा. साडेपाच तासांचा प्रवास ऐकून कोणीही चुकीचा डोस लिहील.

मोपा_की_दाबोळी

संकष्टीला विमानात असाल तर चंद्रोदय कुठला धरायचा, मुंबईचा की न्यूयॉर्कचा? खिडकीतून दिसला तर चालतो का?

सदाशिवपेठी

मधली सीट असेल तर निर्जळी.

आडवाटेचा_प्रवासी

सगळ्यांचे आभार, तिन्ही प्रश्न सुटले. पद्धत पक्की झाली का बघायला मुंबई–मेलबर्न केलं. मेलबर्न −३७.६७, १४४.८४. कोन ८८.१९ अंश, अंतर ९,८०६ किमी. दोन टक्के चढवून १०,००० किमी. जाताना पूर्वेकडे म्हणून वारा २० पाठीवर धरला, ९२० ने भागून १०:५२, अधिक ४५ = साधारण ११:३७. बरोबर?

चॉक्स_काढा

पद्धत बरोबर. या मार्गाचा पहिला अर्धा भाग विषुववृत्ताच्या आसपास आहे, तिथे वारे मंद आणि बेभरवशाचे. पाठीवरचा वारा खरा मिळतो तो ऑस्ट्रेलियावर, त्यातही जून ते ऑगस्टमध्ये. तेव्हा दोन तुकडे करून बघा : पहिले ५,५०० किमी ९०० ने, उरलेले ४,५०० ९५० ने. ६:०७ आणि ४:४४, एकूण १०:५१. उत्तर तेच आलं, पण आता परतीला कुठे वजाबाकी करायची ते कळेल.

एक्सेलवाला

दक्षिण अक्षांशाचं ऋण चिन्ह ठेवलंत, ते बरं केलंत. नाहीतर ७,१६६ किमी आलं असतं.

न्यूजर्सीकर

तिकडचं घड्याळ उलटं. मेलबर्नला ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत यूटीसी अधिक ११, एरवी अधिक १०. म्हणजे भारताशी फरक जानेवारीत साडेपाच तास, जुलैत साडेचार.